न दुखणारा खुबा

कृत्रिम सांधे मी गेली वीस वर्षं रोज हाताळते आहे. पण गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत, असा सांधा ज्याच्या शरीरात आहे असं एकही माणूस माझ्या जवळच्या ओळखीचं नव्हतं.

पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्यात प्लास्टिकच्या वाटीत धातूचा गोळा बसवलेला असतो आणि तो महिनोन्महिने फिरत राहतो. माणूस चालतो तेव्हा खुब्यात जशी हालचाल होते, तशीच हालचाल. दर काही आठवड्यांनी मी वाटी काढते, धुते, वाळवते आणि वजन करते. जेवढं वजन कमी झालं तेवढी झीज. हे काम मला आवडतं, कारण त्यात वाद नसतो.

एका परिषदेत बुलढाण्याच्या एक हाडांच्या डॉक्टर भेटल्या. माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, “तुम्हाला वाटी काढून तोलता येते. माझ्या पेशंटची वाटी त्याच्या आत आहे. मी काय करू?” मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आसपासच्या गावांत, कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन सांधा बदलून आलेली बरीच माणसं आहेत. दहा-पंधरा वर्षं झालेली. ती तपासणीला येत नाहीत, कारण काही दुखत नाही. दुखायला लागल्यावर येतात, तोवर आतलं हाड गेलेलं असतं. डॉक्टरांकडचा एक्स-रे काढणारा माणूस अशा लोकांना गावोगाव शोधणार होता. मी चार दिवस त्याच्याबरोबर फिरावं, असं त्यांनी सुचवलं. मी रजा टाकली आणि निघाले.

वडनेर भोलजी

मलकापूर स्टेशनवर सकाळी वानखडे भाऊ उभे होते. पन्नाशीचे, कानाला मफलर, हातात माझं नाव लिहिलेला पुठ्ठा. तीस वर्षं एक्स-रे काढतात. त्यांनी आधी कचोरी खाऊ घातली आणि मगच गाडीत बसू दिलं. कचोरीबरोबर तळलेली मिरची असते आणि ती खायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. पुण्यात मिरची ताटात शोभेला ठेवतात. मी ती खाल्ली आणि नांदुऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत एक शब्द बोलू शकले नाही. वानखडे भाऊंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बाहेरच्या तुरीबद्दल बोलत राहिले. बाई रडते आहे हे न पाहिल्यासारखं करण्याची त्यांची रीत मला आवडली.

वडनेरला सुखदेव गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बैठकीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती, आणि एका भिंतीभर पुस्तकं. त्यांचा उजवा गुडघा बारा वर्षांपूर्वी बदललेला. तो वाजतो, ही त्यांची तक्रार. जिना उतरताना, खुर्चीतून उठताना, टक् असा आवाज. आता हा तुटणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि दोन वर्षांपासून त्यांनी फिरायला जाणं बंद केलं होतं.

सांध्याचा आवाज पकडणारं एक लहान यंत्र मी बरोबर नेलं होतं. कातडीला चिकटवायचं, माणसाला उठबस करायला लावायची आणि आवाजाची रेघ पडद्यावर पाहायची. यावरून झीज ओळखता येते असं अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण प्रयत्न चालू आहेत. मी ते गुरुजींच्या गुडघ्याला लावलं. पडद्यावर अशी काही वळवळ उठली की मी घाबरले. गुरुजी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. वानखडे भाऊ उठून बाहेर गेले, आणि दोन मिनिटांनी पडदा एकदम शांत झाला. शेजारी पिठाची गिरणी होती. तिचा हादरा फरशीतून गुरुजींच्या पायात येत होता. वानखडे भाऊंनी गिरणीवाल्याला थोडा वेळ थांबायला सांगितलं होतं.

उरला तो गुरुजींचा खरा आवाज, स्वच्छ, एकटा टक्. धातू प्लास्टिकला टेकतो तेव्हा होणारा. अनेकांचा होतो आणि त्यात बहुधा वावगं काही नसतं. तरी दुपारी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन फोटो काढला. तो जुन्या फोटोशेजारी ठेवला तेव्हा फरक दिसला नाही. उद्यापासून फिरायला जा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गुरुजींच्या पत्नी बरोबर आल्या होत्या. आवाज घालवता येतो का, असं गुरुजींनी विचारल्यावर त्या पहिल्यांदाच बोलल्या. “राहू द्या ना जी. हे फाटकात आले का मले त्या आवाजानंच समजते.” गुरुजींनी मान खाली घातली. मी वहीत नोंद करत होते, ती तिथंच थांबली.

रोहिणखेड

दुसऱ्या दिवशी मोताळ्याकडून रोहिणखेडला गेलो. जुन्या दगडी मशिदीजवळ गाडी लावली. तिच्या भिंतीवरचं कोरीव काम पाहत मी इतका वेळ थांबले, की वानखडे भाऊंना दोनदा हाक मारावी लागली. तिथून तीन गल्ल्या ओलांडल्या की कौसल्याबाईंचं घर.

त्या अंगणात उकिडव्या बसून हरभरा सोलत होत्या. साठीच्या आतल्या, सडपातळ. डाव्या खुब्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडला म्हणून सोळा वर्षांपूर्वी तो अकोल्याला बदललेला. मी बघतच राहिले. कृत्रिम खुबा असलेल्या माणसाने असं बसायचं नसतं, हे आम्ही पुस्तकात लिहितो. त्या माझ्यासमोर हात न टेकता उठल्या, आतून चटई आणली आणि पुन्हा तशाच बसल्या.

दुखतं का, असं विचारल्यावर त्या हसल्या. काहीच नाही. निंदायला जातात, पाणी आणतात, मोताळ्याच्या बाजारात पायी हिंडतात. आवाजाचं यंत्र लावलं. गुरुजींच्या मानाने अगदी मुका सांधा. मला वाटलं, इथं काही सापडणार नाही.

मग त्यांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी काय काम करते, यंत्र कसं असतं, त्यातला पाय कुणाचा. मी सांगितलं की पाय नसतो, फक्त गोळा आणि वाटी असते आणि ती चालल्यासारखी फिरते. त्या विचारात पडल्या.

“निंदाले बसत नाई का ते?”

“नाही.”

“जेवाले?”

“नाही. नुसतं चालतं.”

“मंग ते बाईचं नसन,” त्या म्हणाल्या, आणि हरभरा सोलू लागल्या.

वानखडे भाऊ हसले. मीही हसले, पण माझं लक्ष उडालं. आमच्या यंत्राची चाल दूरच्या कुठल्यातरी देशात, खुर्चीवर बसणाऱ्या माणसांना मोजून ठरवलेली आहे. त्या चालीवर मी वीस वर्षं वाट्या तोलल्या, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. इथली बोली ऐकून पुण्यात लोक हसतात. मीही कधीकाळी हसले आहे. त्या अंगणात मात्र मला फार शहाणं असल्यासारखं वाटेना.

झीज ओळखायची तर ऑपरेशननंतरचा पहिला फोटो हवा. नुसत्या आजच्या फोटोवरून पुरतं कळत नाही, आधी कुठं होतं ते माहीत असावं लागतं. कौसल्याबाईंनी पत्र्याची पेटी उघडली आणि बराच वेळ शोधून फोटोचा एक वेडावाकडा तुकडा काढला. बाकीचा कुठे गेला? मागच्या सूर्यग्रहणाला गल्लीतल्या लोकांनी काळे काळे भाग कात्रीने कापून नेले होते. त्यातून सूर्याकडे पाहणं डोळ्यांना बरं नाही, हे सांगायला मला फार उशीर झाला होता. पण तुकडा उजेडात धरला आणि माझा विश्वास बसेना. धातू फोटोत पांढरा येतो, आणि पांढऱ्या भागातून सूर्य पाहता येत नाही, म्हणून तो कुणालाच नको होता. गोळा आणि वाटीभोवतीचं धातूचं कवच, दोन्ही त्या तुकड्यात शाबूत होती.

नवा फोटो काढायला मात्र त्या तयार नव्हत्या. दुखत नसताना दवाखाना काऊन, हा त्यांचा साधा सवाल होता. वानखडे भाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी कौसल्याबाईंच्या माहेरची चौकशी केली, कोणत्या शेतात कोणाचा हरभरा आहे ते विचारलं, आणि निघताना म्हणाले की उद्या गाडी रिकामीच बुलढाण्याला जाते आहे, मेहकरला लेकीकडे जायचं असेल तर बुलढाण्यापर्यंत सोडतो, तिथून एसटी मिळेल. फोटोला पाच मिनिटं लागतील. कौसल्याबाईंनी ‘हाव’ म्हणत होकार दिला.

बुलढाणा

राजूरचा घाट चढताना हवा बदलते. खाली मलकापूरला दुपारी घाम येत होता, वर बुलढाण्यात मला शाल लागली. घाटात टायर पंक्चर झालं. वानखडे भाऊ जॅक लावत होते, तेवढ्यात मी नको म्हणत असताना कौसल्याबाई रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलून आल्या आणि मागच्या चाकाला लावून मोकळ्या झाल्या. त्यांच्या खुब्याला काही झालं असेल यावर कुणाचाही विश्वास बसला नसता.

फोटोला खरंच पाच मिनिटं लागली. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि शेजारी ग्रहणातून वाचलेला तुकडा. वाटीचं प्लास्टिक फोटोत दिसत नाही. दिसतो तो गोळा, बाहेरचं धातूचं कवच, आणि दोघांमधलं रिकामं अंतर. ते अंतर म्हणजेच प्लास्टिक. जुन्या तुकड्यात गोळा बरोबर मध्यावर होता. नव्यात तो वर सरकला होता. डॉक्टरांनी दोन्हींवर वर्तुळं काढली, मोजपट्टी लावली आणि ती माझ्याकडे दिली. गोळ्याचं माप आम्हाला ठाऊक असतं, त्यावरून बाकीचं काढता येतं. मी तीनदा मोजलं. वरच्या बाजूला प्लास्टिक निम्म्याहून कमी उरलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. कवचाच्या मागे, कमरेच्या हाडात, बोराएवढा काळा डाग होता. झिजलेल्या प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण भोवती साचतात. शरीर ते खायला जातं, त्याला ते पचत नाहीत, आणि त्या धडपडीत ते आपलंच हाड पोखरतं. हे सगळं मी भाषणांत कितीदा सांगितलं होतं. पण आमच्या यंत्रात हाड नसतं.

अजून कवच घट्ट होतं. आत्ता ऑपरेशन केलं तर फक्त वाटी आणि गोळा बदलून, पोखरलेल्या जागी हाड भरून भागणार होतं. दोन-तीन वर्षं थांबलं तर कवचच सुटलं असतं, आणि ते बसवायला हाड उरलं असेल याची खात्री नव्हती. डॉक्टरांनी हे कौसल्याबाईंना नीट, घाई न करता सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “दुखत नाई ना. मंग राहू द्या,” आणि पिशवी उचलून मेहकरच्या गाडीला निघून गेल्या.

त्या रात्री विश्रामगृहात मला झोप लागली नाही. मी डॉक्टर नाही. कुणाला ऑपरेशन करून घ्या म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण ते अंतर मी माझ्या हाताने मोजलं होतं.

मेहकर

दुसऱ्या दिवशी मेहकरला आम्हाला एक पेशंट पाहायचा होताच. बसस्टँडजवळचा कापड दुकानदार होता. त्याचा खुबा ठीक निघाला. ते काम आटोपल्यावर वानखडे भाऊ मला बालाजीच्या देवळात घेऊन गेले. काळ्या दगडाची ती उंच मूर्ती बघताना माझ्या मनात वर्तुळंच फिरत होती. बाहेर आल्यावर मी वानखडे भाऊंना विचारलं, कौसल्याबाईंच्या लेकीकडे जाऊ या का. ते म्हणाले, “जाऊ. पन मॅडम, समजावाले नोको जाऊ. भेटाले जाऊ.”

लेक रंजना तहसील कार्यालयात लिपिक आहे. रविवार होता म्हणून घरी होती. तिला आईने फोटोबद्दल काही सांगितलं नव्हतं. आम्हाला बघून कौसल्याबाईंना अवघडल्यासारखं झालं, पण त्यांनी लगेच पाट मांडले. बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी. जेवल्याशिवाय विषय काढायचा नाही, हे मला तीन दिवसांत कळलं होतं.

जेवण झाल्यावर कौसल्याबाईंनीच विचारलं, “तुमच्या त्या वाटीले असं होते तरी काय?”

माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतल्या दोन वाट्या होत्या, एक नवी आणि एक झिजलेली. डॉक्टरांना दाखवायला आणल्या होत्या. मी दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी नव्या वाटीच्या आत बोट फिरवलं, मग झिजलेलीच्या. एका बाजूला बोट थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच थांबलं.

“पातळ झाली इथी.”

मी हो म्हटलं. पण पातळ होणं हा निम्माच त्रास असतो, असंही सांगितलं. जे झिजतं ते कुठंतरी जातं.

त्या खूप वेळ वाटी बोटांत फिरवत राहिल्या. “जातं झिजलं का पिठात कच येते,” त्या शेवटी म्हणाल्या. “दाताखाली आली का समजते. हे आतमधी साचून राह्यली, म्हनून समजत नाई. असं का?”

वीस वर्षांत मी इतकं नेमकं सांगू शकले नव्हते. “हो, असंच,” मी म्हणाले.

माझ्या बसण्यानं झालं का, असंही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या काळातलं प्लास्टिकच लवकर झिजणारं होतं. बसण्याचा वाटा किती, ते मला माहीत नाही, कारण ते आम्ही कधी तपासलेलं नाही.

रंजनाने रागाने आईला विचारलं, मला काऊन नाही सांगितलं. कौसल्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “तवा तुझे बाबा होते. दीड महिना त्यायनं मले उचलून बाहेर नेलं, अंघोळ घातली. आता मले कोन उठवन?”

दुखत नाही, या उत्तरामागे हे होतं. आम्ही तीन दिवस प्लास्टिकबद्दल बोलत होतो. रंजना उठून आईजवळ जाऊन बसली आणि तिने आईच्या हातातली वाटी काढून घेतली. “मी उठवीन,” ती म्हणाली. “रजा आहे माझी शिल्लक.” तिच्या नवऱ्याने आतून सांगितलं की पलंग खालच्या खोलीत आणता येईल.

कौसल्याबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी पिशवीत हरभऱ्याचे डहाळे भरून दिले आणि वाटेत खा म्हणाल्या. चिखलीत वानखडे भाऊंनी चहाला गाडी थांबवली. मग म्हणाले, “तीस सालं झाले, फोटो काढून राह्यलो मी. फोटो काढला का माह्यं काम संपलं असं वाटे.”

पुन्हा बुलढाणा

फेब्रुवारीच्या शेवटी रंजनाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. कवच घट्टच होतं. वाटी आणि गोळा बदलला, पोखरलेल्या जागी हाड भरलं. कौसल्याबाई सहा आठवडे मेहकरला राहिल्या. काढलेली वाटी डॉक्टरांनी, कौसल्याबाईंच्या परवानगीने, मला पाठवली. ती मी तोलली नाही, कारण नवी असतानाचं तिचं वजन कुणाकडे नाही. पण भिंगाखाली पाहिली. झिजेचा एक मोठा पट्टा माझ्या ओळखीचा होता, चालण्याचा. त्याला छेदून जाणारे कडेचे बारीक ओरखडे मी आमच्या वाट्यांवर कधी पाहिले नव्हते. ते कशाचे, हे अजून सांगता येत नाही. आता आमच्या यंत्राला खाली बसायला शिकवण्याचं काम चालू आहे. ते वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

या जानेवारीत कौसल्याबाईंचा वर्षभरानंतरचा फोटो काढायचा होता, म्हणून मी मुद्दाम बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी दहाची वेळ दिली होती. अकरा वाजून गेले तरी त्या आल्या नाहीत. वानखडे भाऊ दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. साडेअकराला मोताळ्याची गाडी लागली आणि कौसल्याबाई हातात काठी घेऊन, पण तिचा आधार न घेता, चालत आल्या. त्यांच्याबरोबर दोन बायका होत्या, दोघी त्यांच्याच वयाच्या, दोघींच्या हातात फोटोच्या पिवळ्या पडलेल्या पिशव्या. एक शेजारच्या गावची, गुडघा बदललेली. दुसरी त्यांच्या माहेरची, खुबा बदलून चौदा वर्षं झालेली. दोघी दाराशीच थांबल्या, डॉक्टरांकडे न बघता.

डॉक्टरांनी विचारलं, “काय त्रास होतो यांना?”

“काईच नाई,” कौसल्याबाई म्हणाल्या. “दोघीचंबी काई दुखत नाई. म्हनूनच आनल्या.”